किनाऱ्यावरची सोबत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या दोन्ही बाजूंना समुद्राला लागून करड्या रंगाचे उंच कडे उभे आहेत. हिवाळ्यात समुद्र खवळला, की लाटा या कड्यांच्या पायथ्याशी धडका देतात, दरडी कोसळतात आणि कड्यांच्या पोटात दडलेले चमत्कारिक दगड वाळूवर येऊन पडतात. काही नागाने वेटोळे घालावे तसे, तर काही बोटासारखे निमुळते. आपल्याकडे देवघरात गंडकी नदीतील शाळिग्राम असतो. त्यातील चक्र ज्या जातीच्या सागरी प्राण्याच्या शंखाचे, त्याच जातीची ही वेटोळी. पण दोनशे वर्षांपूर्वी लाइमच्या लोकांना हे कोठून ठाऊक असणार? ते त्यांना नागदगड म्हणत आणि हवापालटासाठी आलेल्या पाहुण्यांना विकत.

मेरी ॲनिंग ही याच गावातील एका गरीब सुताराची मुलगी. तिचा जन्म १७९९ सालचा. भावंडे बरीच झाली. पण जगली ती मेरी आणि तिचा थोरला भाऊ जोसेफ, एवढीच. वडील दोघांना कड्यांखाली नेत, दगड कसा ओळखावा आणि कसा सोडवावा हे शिकवीत. १८१० साली ते वारले. मागे राहिले ते कर्ज. मेरी तेव्हा अकरा वर्षांची, म्हणजे तुमच्याएवढीच होती. पुढे जोसेफ खुर्च्या-कोच मढविणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला राहिला, आणि किनाऱ्यावर मेरी उरली.

ओहोटीची वेळ साधून ती टोपली व हातोडी घेऊन निघे. भरती आली, की सापडलेले धन समुद्र परत नेणार, म्हणून घाई. वर कडा केव्हा ढासळेल याचा नेम नसे. हा काही मुलांचा खेळ नव्हता. या दगडांवर घरची चूल पेटत होती. पण पोटाचा प्रश्न सुटला तरी मनाचा सुटतोच असे नाही. गिऱ्हाइकाला दगडाची शोभा हवी, घराला त्याचे पैसे हवेत. तो हातात फिरवून फिरवून पाहणारे आणि ‘हा कोणता जीव असावा?’ असे विचारणारे दुसरे माणूस तिला हवे असणार.

असे माणूस गावात आलेले होते. पण कोणाच्याही लक्षात यावे असे ते नव्हते. एलिझाबेथ फिलपॉट ही सुखवस्तू घरातील बाई १८०५ पासून आपल्या बहिणींसह लाइममध्ये राहत होती. ती मेरीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठी. एक सुताराची पोर, दुसरी प्रतिष्ठित घरातील स्त्री. त्या काळी अशा दोघींनी फार तर रस्त्यात नमस्कार करावा! परंतु एलिझाबेथलाही या दगडांचे वेड होते. दगड बनलेल्या माशांचा तर तिने मोठा संग्रह केला होता. लवकरच चिखलाने माखलेल्या त्या दोघी किनाऱ्यावर बरोबर हिंडताना लोकांना दिसू लागल्या. दगडांमागचे शास्त्र समजावे म्हणून एलिझाबेथने मेरीला पुस्तके वाचण्याची गोडी लावली.

१८११ साली जोसेफला एका प्रचंड प्राण्याची कवटी सापडली. उरलेला सांगाडा पुढच्या वर्षी मेरीने शोधून काढला. गोष्टी सांगणारे हे सारे श्रेय एकट्या मेरीला देऊन टाकतात, ते बरोबर नाही. तो सांगाडा प्राचीन काळच्या मत्स्याकार सागरी सरड्याचा होता. तो तेवीस पौंडांना विकला गेला. नंतर मेरीच्या दुकानी मोठमोठे विद्वान येऊ लागले; तिच्या शोधांवर त्यांनी लेख लिहिले, पण त्यांत तिचे नाव घालण्याचे अनेकांना सुचले नाही.

तिच्याबरोबर ट्रे नावाचा कुत्रा असे. १८३३ साली तिच्या डोळ्यांदेखत कडा कोसळला आणि तो त्याखाली सापडून मेला. आपण एका क्षणाने वाचलो, असे तिने एका मैत्रिणीला पत्रातून कळविले.

त्याआधीची, १८२६ सालची एक हकिकत आहे. बोटासारखे निमुळते दगड हे माकुळासारख्या एका प्राण्याचे अवशेष. अशा एका अवशेषात मेरीला शाईची पिशवी आढळली. शाई सुकून दगड झाली होती. मेरीने ती एलिझाबेथला दाखविली. एलिझाबेथने ती पाण्यात कालवली, तर काय आश्चर्य! सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीची ती शाई पुन्हा उतरू लागली. एलिझाबेथने कुंचला बुडविला आणि आपल्या संग्रहातील मत्स्याकार सरड्यांची चित्रे त्याच शाईने काढली.