अंदाज माझा, बोल त्याला

वार्षिक हिशेब आठ दिवसांत पुरा होईल, असा शब्द मी साहेबांना दिला होता. लागले पंधरा. त्या रागात हाताखालच्या तरुण लिपिकाला मी सर्वांदेखत नको ते बोललो. तो मान खाली घालून उभा राहिला.

पुढे डॅनियल काहनेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांविषयी वाचनात आले. कामाला लागणारा वेळ माणूस बहुधा कमीच धरतो. या प्रवृत्तीला त्यांनी १९७९ साली ‘नियोजनाचा भ्रम’ म्हटले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधाला सरासरी ३४ दिवस लागतील असे सांगितले. लागले ५५ हून अधिक. सारेच बिघडले तर किती, या प्रश्नाचे त्यांचे उत्तरही ४९ दिवसांपलीकडे गेले नव्हते. यावर उपाय एकच: मनातला बेत बाजूला ठेवून मागच्या तशाच कामाला किती वेळ लागला, ते पाहावे.

मी जुन्या नोंदवह्या उघडल्या. मागील तिन्ही वर्षे हिशेबाला चौदा-पंधरा दिवसच लागले होते. लिपिक आळशी नव्हता. मी वह्या पाहिल्या नव्हत्या.

बोललो होतो सर्वांदेखत. क्षमाही सर्वांदेखतच मागितली.