माळ्यावरची खोली

कोकणातल्या आमच्या कौलारू घराच्या माळ्याची खोली करावी, असे घरात ठरले आणि पहिला प्रश्न उंचीचा निघाला. आढ्याखाली नऊ फूट, वळचणीकडे जेमतेम तीन. म्हणजे ताठ उभे राहण्याजोगा मधला पट्टाच. सुताराच्या मते तुळया सामान पेलण्यापुरत्या. माणसे राहायची तर त्यांना जोड हवी. कौलांखाली तक्तपोशी केल्याशिवाय वैशाखात तिथे बसवणार नाही. उजेडासाठी काचेची चार कौले, आणि शिडीऐवजी जिना.

गास्तों बाशलार या फ्रेंच तत्त्वज्ञाने घराच्या जागांवरील आपल्या १९५७च्या ग्रंथात माळा ही विवेकाची आणि तळघर ही अबोधाची जागा मानली. आमच्या घराला तळघर नाही. त्यामुळे दोन्हींचा भार माळ्यावरच. पाळणा, पाणी तापवायचा बंब, आजोबांच्या हिशेबवह्या. उपयोग नाही, पण टाकवत नाही, असे सारे तिथे आहे. खोली करायची म्हणजे या प्रत्येक वस्तूविषयी काही ठरवणे आलेच.

खरी अडचण मात्र खाली होती. जिना माजघराचा जो कोपरा खाणार, तिथे आई निजते. गुडघ्यांमुळे ती वरची खोली कधी पाहणारही नाही. “तुमचं चालू द्या, मी कुठेही पडेन,” असे ती म्हणाली, आणि आम्ही नकाशा पुन्हा मांडला. जिना आता मागच्या पडवीतून जाईल. वरची खोली चार फुटांनी आखूड होईल. तेवढी आम्हाला पुरेल.