राखून ठेवलेलं बी

सॅन डिएगोहून पूर्वेला निघालं की आधी डोंगर चढावा लागतो. वर ओकची झाडं, हवेत गारवा. मग घाट उतरू लागतो आणि वळणावळणाला झाडं मागे पडतात. शेवटी बोरेगोचं खोरं समोर येतं, एरवी राखाडी, उन्हानं भाजलेलं. 2019 च्या मार्चमध्ये मात्र त्याच्या तळाशी पिवळा पट्टा होता आणि त्याला लागून जांभळा. ती फुलं आहेत हे डोळ्यांना दिसत होतं, मनाला पटत नव्हतं.

अँझा-बोरेगो हे कॅलिफोर्नियाचं सर्वांत मोठं राज्य उद्यान, सुमारे सहा लाख एकरांचं. बोरेगो म्हणजे स्पॅनिशमध्ये कोकरू. वाकड्या शिंगांची रानमेंढरं इथल्या कड्यांवर राहतात. पाऊस वर्षाला जेमतेम सहा इंच.

खाली पोचलो आणि चपला काढून वाळूत बसलो. जमिनीलगत पसरलेली जांभळी सँड व्हर्बिना, तिच्यामधून वर आलेली वाळवंटी सूर्यफुलं. काटेरी ओकोटियोच्या शेंड्यांना लाल तुरे. वाऱ्याबरोबर मधाचा वास येई. पेंटेड लेडी फुलपाखरं डोक्यावरून एकाच दिशेनं चालली होती.

मला आजी आठवली. ती माणदेशातली. पावसाची वाट पाहण्यातच तिचं आयुष्य गेलं. पहिल्या सरीला भुलून पेरलं की दुबार पेरणी नशिबी येते, हे तिनं सोसून जाणलं होतं. इथल्या कित्येक बियांनाही ते ठाऊक असावं. त्यांच्या सालीत अंकुर रोखून धरणारी द्रव्यं असतात. चुकार सरीनं ती जात नाहीत. थंडीच्या तोंडाशी जमिनीत मुरेपर्यंत पाऊस झाला, तरच धुऊन निघतात. मग बी उगवतं. आणि तेव्हाही सगळं उगवत नाही. कितीही चांगलं वर्ष असो, काही बी मातीतच थांबतं, पुढच्या वर्षांसाठी.

आजी बियाणं राखेत घोळवून मडक्यात ठेवायची. भाकरीला पीठ नसलं तरी त्या मडक्याला हात लागत नसे. लहानपणी मला तो तिचा कठोरपणा वाटे.

ऊन उतरलं तशी इव्हिनिंग प्रिमरोजची पांढरी फुलं उमलू लागली, पातळ, ओल्या कागदासारखी. त्यांचं येणं रात्रीच्या पतंगांसाठी. डोंगराची सावली खोरं ओलांडेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.

परतताना फुलांना चुकवत मोकळ्या वाळूवरून चालत होतो. मग तिथंही पाऊल जपून पडू लागलं. फुललेलं ते या वर्षाचं होतं. मोकळी दिसणारी ती वाळू म्हणजे आजीचं मडकं होतं.