चौथं घर

डाव्या अंगठ्याच्या बुडातला सांधा झिजलाय, असं डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं आणि मला आधी आठवला तो माझा गोळ्या ओतायचा चार घरांचा लोखंडी साचा. पळी उजव्या हातात, साचा डाव्यात, ही माझी सवय. ठोकळा, त्यावरची स्प्रू-प्लेट (रस आत सोडायच्या भोकांची पट्टी), लाकडी मुठीचे दांडे, एवढं वजन मनगट न हलवता तोलून धरायचं आणि चारही घरं भरेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. पेन्सिल्व्हेनियातल्या आमच्या गॅरेजात वर्षानुवर्षं हे करत आलो. आता हात तापायच्या आत साचा कलायला लागतो. नवा साचा घेणं भाग आहे, आणि तो किती घरांचा घ्यावा या प्रश्नाशी मी अडून बसलोय.

इथे स्वतःच्या रिव्हॉल्व्हरपुरत्या शिशाच्या गोळ्या ओतायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायच्या असतील तर लागतो. मी कधी विकल्या नाहीत. माझी .३८ स्पेशल फक्त कागदाच्या लक्ष्यावर चालते, २५ आणि ५० यार्डांवर. २५ यार्डांवर जवळपास कुठलीही गोळी तुम्हाला सांभाळून घेते. ५० यार्ड कुणाला सांभाळून घेत नाहीत, आणि माझं चौथं घर उघडं पडलं ते तिथेच.

गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे साधारण सव्वादहा ग्रॅम. तिच्या नाकाकडे नवखे बघतात. ओतणारा बघतो बुडाकडे. नळीतून सुटताना वायूचा शेवटचा धक्का बुडालाच बसतो, आणि कड एका बाजूला बोथट असली की तो धक्का तिरका बसतो. पहिल्या तीन घरांतल्या गोळीचं बूड ट्यूबलाइटखाली धरलं की कड काळ्या रेषेसारखी दिसते, नखावर ओढली तर नख खरवडते. चौथ्या घराच्या गोळीत त्या रेषेच्या जागी एक बारीक चमक दिसते, कडेचा जेमतेम आठवा हिस्सा व्यापणारी. चमक म्हणजे गोलाई, आणि गोलाई म्हणजे शिशाचा रस तिथपर्यंत पोचलाच नाही. काट्यावर ती गोळी बहिणींपेक्षा अर्धा-एक ग्रेन हलकी भरते. चौथ्या घराच्या नाकाशी मी पंचाचा बारीक ठिपका मारून ठेवलाय, त्यामुळे कुठल्याही ढिगातून तिची लेक ओळखू येते.

यावर जे करायचं ते सगळं केलं. हवा निघायच्या रेघा ब्रशने मोकळ्या केल्या. रसात कथील थोडं वाढवलं. स्प्रूचं, म्हणजे प्लेटवर उरणाऱ्या रसाचं, डबकं मोठं सोडलं, म्हणजे थिजताना आक्रसणाऱ्या गोळीला वरून रस मिळत राहावा आणि प्लेटही गरम राहावी. आच वाढवली, तर मधल्या दोन घरांतल्या गोळ्या पांढरट पडल्या आणि चौथी होती तशीच राहिली. मग ओतायचा क्रम उलटा केला, आधी चौथं, शेवटी पहिलं. चौथं घर लख्ख भरलं. पहिल्याच्या कडेवर चमक आली.

म्हणजे दोष चौथ्या घराचा नव्हताच. तो शेवटच्या घराचा आहे, मग शेवटचं कुठलंही असो. मधल्या घरांना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याची ऊब असते. टोकाच्या घराची एक बाजू उघड्या हवेला. त्यात पळी तिथपर्यंत पोचेतो तिच्यातला रस उतरलेला आणि निवलेला. हात चपळ होता तेव्हा एवढा वेळ लागतच नव्हता. सांधा झिजला तसा हात जड झाला, आणि पळीचा प्रवास लांबला.

मग सहा घरांचा अॅल्युमिनियमचा घ्यावा का? विस्कॉन्सिनच्या ‘ली’ कंपनीचा मिळतो, स्प्रू कापायला वेगळा दांडा असलेला. अॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, मनगटाला सुख. पितळेच्या साच्यांचं खूप कौतुक चालतं, पण पितळ लोखंडाहूनही जड; माझ्यासाठी ते बादच. सहा घरांचा मोह मला फार जुना आहे आणि तो गोळ्यांच्या ढिगाचा नाही. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला कप्पे सहा, साच्याला घरं सहा: एकदा ओतलं की एक सिलिंडर भरला. उघड्या साच्यातून सहा चकचकीत गोळ्या टॉवेलवर घरंगळतात तेव्हा बघणारा ‘वा’ म्हणतो, आणि ते ‘वा’ मला हवं असतं. क्लबात माझ्या गोळ्या लोक भिंगाखाली धरून बघतात, त्यासाठीही मी ओततो. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण हिशेब करून बघा. प्रत्येक घराचं माप केसाएवढं वेगळं, एक .३५८ इंचाची गोळी देतं तर शेजारचं अर्धा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी. सिलिंडरच्या सहा कप्प्यांची तोंडंही तंतोतंत सारखी नसतात. सहा घरं आणि सहा कप्पे म्हणजे ३६ जोड्या. गोळी भरकटली तर दोष कुठल्या जोडीचा, हे शोधता शोधता मोसम संपतो. चार घरांच्या २४ होतात, दोन घरांच्या फक्त १२.

माझे वडील पुण्यात छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांचे खिळेही शिसं, कथील आणि अँटिमनीचेच. जुन्या फाउंड्रीत हातसाच्याने खिळा ओतत तो एका वेळी एक. अक्षराची मातृका बदलायची, साचा तोच राहायचा. म्हणून हजारो खिळ्यांची उंची एकसारखी, आणि म्हणून पान सपाट छापलं जाई. ज्यांचं पोट सारखेपणावर चालायचं त्यांनी घरं वाढवली नाहीत. इकडे ऑफसेट आल्यावर वर्तमानपत्रांचं लायनोटाइपचं शिसं भंगारात निघालं, ते आमच्यासारख्यांनी पोत्यांनी उचललं. आता तेही संपलं. गाड्यांच्या चाकांच्या शिशाच्या वजनांवर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी बंदी घातली, आणि उरलेल्या ढिगात जस्ताची वजनं इतकी मिसळतात की निवडताना डोळे जातात. जस्त रसात उतरलं की कडा भरायचं नाव नको.

साचेही तसेच राहिले नाहीत. हेन्सली अँड गिब्ज दहा-दहा घरांचे लोखंडी साचे करायचे. ते दुकान बंद झालं, आणि त्यांचे जुने साचे आता दागिन्याच्या भावाने जातात. आयडाहोच्या एल्मर कीथ या नेमबाजाने आपल्या गोळीला रुंद पट्टे आणि चौकोनी कडांची ग्रीसची खाच मागितली होती. पुढे साचेवाल्यांनी खाच गोल केली, आणि कीथ त्याबद्दल शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. गोल खाचेची गोळी साच्यातून पटकन सुटते. कीथचं म्हणणं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. पटकन सुटणं ही ओतणाऱ्याची सोय आहे, गोळीला त्याचा काही उपयोग नाही.

हल्ली तासाला किती ओतल्या ते सांगायची चढाओढ असते. वर रंगीत पावडर कोटिंग भट्टीत भाजलं की सगळ्या गोळ्या देखण्या. बोथट कड मात्र रंगाखाली बोथटच राहते, आणि कोटिंगने माप वाढतं ते वेगळंच. क्लबातला एक तरुण निळ्या गोळ्यांचा डबा घेऊन आला आणि माझ्या सहा तासांचं काम आपण एका तासात करतो म्हणाला. मी त्यातली एक गोळी उलटी करून त्याला तिचं बूड दाखवलं. त्याला काही दिसलं नाही. मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं. बघायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

माझा निर्णय झाला आहे. दोन घरांचा, लोखंडी, सपाट बुडाचा, चौकोनी खाचेचा. लोखंड अशासाठी, की दोनच घरं असली तर त्याचं वजन मला झेपतं, आणि एकदा तापलं की ते ऊब धरून ठेवतं. मी ओतताना मध्ये थांबतो, तेवढी ढील ते देतं. दोन घरांत दोन्ही टोकाचीच असतात, दोघांना एक-एक शेजारी आणि एक-एक उघडी बाजू. पळी पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला क्षणही लागत नाही. सिलिंडर भरायला तीनदा ओतावं लागेल. लागू दे.

ज्यांच्याकडे सहा घरांचा साचा आहे त्यांनी एवढं करावं: प्रत्येक घराच्या गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवून तोलाव्यात, बुडं उजेडात बघावीत, आणि जे घर मागे पडतं ते ५० यार्डांच्या दिवशी रिकामं ठेवावं. पाच घरांत ओतलं तरी कुणी हसत नाही.