मागचं दार

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा 'मिक्स' आहे, सांभाळून घ्या! त्यात विषयही रुक्ष – सर्व्हर.

प्रत्येक चांगल्या सर्व्हरला एक मागचं दार असतं. मदरबोर्डवर बीएमसी नावाची छोटी चिप बसवलेली असते. डेलवाले त्या सोयीला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. तिला स्वतःचा आयपी असतो. सर्व्हर बंद पडला तरी वीज असेपर्यंत ही बाई जागीच! दूर बसून मशीन रीस्टार्ट करा, स्क्रीन बघा, नवी ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा टाका.

आता ही सोय मला का हवी, ते सांगते. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये दोन मुलगे आणि मी. रात्री सर्व्हर हँग झाला की मुलगे चपला अडकवून लॅबमध्ये जातात नि बटण दाबून येतात. मुलींच्या हॉस्टेलचं गेट नऊला बंद! मी आपली सकाळची वाट बघत बसते.

"मग त्या कन्सोलला पब्लिक आयपी देऊ या की," एक जण म्हणाला. खरं सांगते, मोह झाला. पण नको म्हटलं.

कारण पब्लिक आयपी म्हणजे मागचं दार थेट हमरस्त्यावर काढणं, आणि त्याचं कुलूप कच्चं. 2004 साली आलेल्या आयपीएमआय 2.0 मध्ये लॉगिन पुरं होण्याआधीच सर्व्हर पासवर्डचा हॅश समोरच्याच्या हातात ठेवतो. 2013 मध्ये हे जगजाहीर झालं. दोष मूळ नियमातच, पॅच कुठून लावणार? 2018 मध्ये जंगलसेक नावाच्या रॅन्समवेअरवाल्यांनी याच वाटेने शिरून लोकांच्या फाइली लॉक केल्या. 2021 मध्ये तर आयएलओच्या फर्मवेअरमध्येच दडून बसणारा रूटकिट सापडला. म्हणजे डिस्क फॉरमॅट करूनही चोर घरातच! शेवटी जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सिसा संस्थेने तिथल्या सरकारी खात्यांना हुकूम काढला – असे कन्सोल इंटरनेटवर उघडे दिसले, तर 14 दिवसांत हटवा किंवा पक्का पहारा बसवा.

म्हणून कन्सोलचं नेटवर्क वेगळं नि प्रायव्हेट हवं, आणि आत जायला व्हीपीएन. अर्थात खासगी वाटसुद्धा निगुतीने बांधावी लागते. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, तेव्हा त्यांची पर्यायी वाटही बंद पडली आणि इंजिनिअरांना डेटा सेंटरवर धावावं लागलं. शेवटी माणसाला जागेवर जाता आलंच पाहिजे!

तेव्हा मी दोन अर्ज लिहिलेत. एक लॅबच्या सरांना, व्हीपीएनसाठी. दुसरा रेक्टर मॅडमना, रात्री लॅबमध्ये जाण्याच्या परवानगीसाठी. दोन्हींत मागणी एकच आहे. दार सताड उघडं नको. पण ज्याचं काम आहे, त्याला किल्ली द्या. मग रजिस्टरमध्ये सही करायला मी एका पायावर तयार आहे!