लोखंडी म्हातारा

सोमवारी ऑफिसात एक वीस वर्षं जुनी सिस्टिम माझ्या हातून बंद व्हायची आहे. डोकं त्यातच अडकलेलं, म्हणून शनिवारी नॉटिंगहॅमहून ट्रेन पकडून इल्केस्टनला उतरलो आणि चालत बेनर्ली व्हायाडक्ट गाठला.

१८७८ साली सुरू झालेला हा रेल्वेपूल तब्बल ४४३ मीटर लांब! इरेवॉश नदीचं खोरं, खाली कोळशाच्या खाणी. जमीन खचायची भीती, त्यामुळे विटांच्या जडजूड कमानी बाद; घडीव लोखंडाची हलकी जाळी उभारली. १९१६ मध्ये झेपेलिनने जवळच बॉम्ब टाकले, तरी हा जागचा हलला नाही. १९६८ मध्ये गाड्या बंद झाल्या. पाडायला निघाले, तर घडीव लोखंड गॅस-कटरने धड कापता येत नाही आणि सुटं करायचा खर्च अवाढव्य. वाचला बेटा! २०२२ पासून त्यावरून पायी फिरता येतं.

वर एक आजोबा भेटले. काय करतोस, म्हणाले. म्हटलं, जुनी सॉफ्टवेअर्स बंद करतो. ते खो खो हसले.

मला हसू येईना राव. ती सिस्टिम लिहिणारा माणूस आमच्याच मजल्यावर बसतो. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.