कारागिराचा शिक्षक होताना

सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापिले. त्यामुळे कारागिरीला शाळेत मानाचे स्थान असावे, हा विचार आम्हां बडोदेकरांना परका नाही. मात्र कारागिराचा शिक्षक कसा घडतो, हे आम्ही सरकारी सेवेत असताना जवळून पाहिले. शिल्प प्रशिक्षकाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात पूर्वतयारी, सादरीकरण, सराव आणि चाचणी अशा पाठाच्या चार पायऱ्या शिकवितात. कानस कशी धरावी हे हाताला ठाऊक असते. तेच शब्दांत सांगताना मुरलेला फिटरही अडखळतो. त्या अडखळण्यातूनच शिक्षक घडू लागतो.

खरी अडचण पुढेच आहे. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने १९९५ पर्यंत उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे ठरविले. १९९२ साली ही मुदत २००० पर्यंत वाढविली, तरी लक्ष्य दूरच राहिले. आम्ही पाहिलेल्या एका शाळेत असा प्रशिक्षित शिक्षक रुजू झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला चाळीस मुले, दोन व्हाइस आणि अकरा महिन्यांची नेमणूक आली. वर्ष सरण्यापूर्वीच तो कारखान्यात परतला. मुलांच्या हाती कानस देण्यापूर्वी अशा शिक्षकाच्या हाती कायम नेमणुकीचे पत्र पडावे, असे आम्हांस वाटते.